फ्रॅक्चर सिम्युलेशन शिकताय? मेश निम्मी करून बघितली का?

गोव्यात फर्मागुडीला एम.ई. करणारी मुलं भेग कशी पडते याचं गणित करायच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारतात, "दादा, अबाकस शिकू की फेनिक्स?" काहीही शिका, अडणार तिथे नाहीच. फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून गणित सोडवणं; त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश) तुम्हाला येतं असं धरून थेट खड्डा दाखवतो.

काँक्रीटची पट्टी ओढा. स्ट्रेसचं (ताणाचं) शिखर ओलांडलं की स्ट्रेन (ताणलं जाण्याचं प्रमाण) वाढतो, स्ट्रेस उतरतो; यालाच सॉफ्टनिंग म्हणतात. सगळं नुकसान एलिमेंटच्या एकाच ओळीत गोळा होतं, बाकीची पट्टी नुसती सैल पडते. आता मेश निम्मी करा, म्हणजे प्रत्येक एलिमेंटचा आकार निम्मा. ओळ निम्म्या रुंदीची झाली, म्हणून तुटायला लागणारी ऊर्जाही निम्मी. आणखी बारीक करत गेलात तर भेग जवळजवळ फुकटात पडते! सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. १० मिमी मेशवर आलेख प्रयोगाशी तंतोतंत जुळतो, गाइड खूश, आणि तो जुळणं हा निव्वळ योगायोग असतो. माझे कित्येक महिने यातच गेले.

उपाय जुनाच आहे. हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये फ्रॅक्चर एनर्जी (भेगेच्या दर एकक क्षेत्रफळाला लागणारी ऊर्जा, Gf) हाताशी धरली, बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये क्रॅक बँड दिला, म्हणजे भेग एलिमेंटच्या रुंदीच्या पट्ट्यात पसरलेली धरून तीच ऊर्जा राखायची. सॉफ्टनिंगची रेघ सरळ धरली तर अंतिम स्ट्रेन (जिथे स्ट्रेस शून्य होतो) म्हणजे 2Gf/(ft·h); ft ही ओढातली ताकद, h एलिमेंटची रुंदी. Gf ०.१ न्यूटन प्रति मिमी, ft ३ मेगापास्कल घ्या: १० मिमी एलिमेंटला ०.००६७, ५ मिमीला ०.०१३३. म्हणजे मटेरियल कार्डावरचा आकडाच मेशबरोबर बदलायला हवा. यूट्यूबवरून उचललेल्या इनपुट फाइलमध्ये हे कोण बघतं?

"मी फेज-फील्ड (भेग पसरट पट्ट्यासारखी दाखवणारी पद्धत) वापरतो, मला काय त्याचं?" असं म्हणू नका. तिथे लेंग्थ स्केल आहे, म्हणजे त्या पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा. फेज-फील्डच्या नेहमीच्या एटी-२ मॉडेलमध्ये तो चौथा हिस्सा केला की ताकद दुप्पट होते. आलेख जुळेपर्यंत तो फिरवत बसणं ही माझ्या मते शुद्ध लबाडी. रंगीत कंटूरवर भाळणारा गाइड ती पकडणार नाही, परीक्षक पकडेल.

शिखराशी सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) कोसळला तर मात्र स्वतःला ढ समजू नका, तो सगळ्यांचाच कोसळतो. तिथून पुढे लोड वाढूच शकत नाही, मग लोड कंट्रोल (टप्प्याटप्प्याने लोड वाढवणं) चालणार कसा? डिस्प्लेसमेंट कंट्रोल (लोडऐवजी सरक वाढवणं) लावा, आलेख उलटा वळत असेल, म्हणजे लोडबरोबर सरकही मागे येत असेल, तर आर्क-लेंग्थ (आलेखाच्या वाटेवरूनच पावलं टाकणारी पद्धत).

चवथीच्या सुट्टीत पाच एलिमेंटची एक पट्टी कागदावर सोडवा, मधला एलिमेंट किंचित कच्चा ठेवून. मग तीच दहा एलिमेंटची. लायसन्स लागत नाही.