विश्वासाविषयी कोणी विचारल्यास उत्तर देण्याची तयारी

आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास ख्रिस्ती माणसाने सदैव सिद्ध असावे, असे बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितले आहे. म्हणून प्रथम स्वतःची साक्ष कागदावर लिहून काढावी : ख्रिस्ताची ओळख होण्यापूर्वीचे जीवन, ती ओळख कशी झाली आणि त्यामुळे आज नेमके काय बदलले आहे. ‘तारण’, ‘पापक्षमा’, ‘नवा जन्म’ हे शब्द मंडळीत (चर्चमध्ये) रोजचे असले, तरी शेजाऱ्याला ते परके वाटू शकतात. तेव्हा प्रत्येकाचा अर्थ साध्या मराठीत सांगण्याचा सराव घरीच करावा. मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या जीवनाचा एक वृत्तांत, अवघ्या १६ अध्यायांचे आहे. त्यातील दोन-तीन प्रसंग तोंडी सांगता येतील इतके आत्मसात करावेत.

याहूनही महत्त्वाचे, माझ्या मते, सौजन्य आहे. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यापूर्वी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने बोलून त्यांना बायबलच्या ‘नव्या करारा’ची प्रत भेट दिली होती, आणि पुढे त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनानेच टिळकांच्या मनाची पकड घेतली.

समोरच्याने विषय बदलल्यास आपणही बदलावा. कोणाच्या दैवताची वा आचाराची निंदा करू नये आणि अडचणीतील माणसाला मदत करताना श्रद्धेची अट मुळीच घालू नये. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारून पुन्हा भेटावे.