मुलाला कुणाकडे राहायचंय? ताब्याचा अर्ज करण्याआधी या चुका टाळा

आई-वडील दोघेही गेले, किंवा एकजण गेला आणि दुसऱ्याकडे मुलाचं पटत नाही, की घरात कुणीतरी म्हणतंच, "चौदाचा झालाय आता, कुणाकडे राहायचं ते तोच ठरवील." इथेच पहिली चूक होते. असं ठरावीक वय कायद्यात कुठेही नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 17 सांगतं, की मूल विचार करून पसंती सांगण्याइतकं जाणतं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. निर्णय न्यायालयाचा, आणि तो मुलाच्या हितावर.

म्हणून मुलाच्या शब्दाला किंमत नाही, असं मात्र समजू नका. 2008 साली वडील विरुद्ध आजी-आजोबा अशा एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला चेंबरमध्ये बोलावून स्वतः विचारलं. मुलगा वडिलांकडे जायला तयार नव्हता. निकाल आजी-आजोबांच्या बाजूने लागला.

हे बोलणं वाया जातं ते मुलाला पढवल्यामुळे. "माझ्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने मावशीचे घर अनुकूल आहे," असं नववीतली मुलगी न्यायाधीशांना लिहीत नाही. ती लिहिते, "मावशी माझी शाळा बदलणार नाही. बाबा रात्री उशिरा येतात, तोपर्यंत मी एकटी असते." दुसऱ्या पत्रात कारण आहे, आणि न्यायाधीश कारणच शोधत असतात. मुलाला उत्तरं पाठ करायला लावू नका. त्याच्यासमोर दुसऱ्या बाजूला शिव्या घालू नका. त्याला कुणाचीच निवड करायची नसेल, तर तेही त्याला मोकळेपणाने सांगू द्या. दोन्हीकडे जीव अडकलेल्या पोराला एकाचं नाव घ्यायला लावणं फार क्रूर आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे मुलाला परस्पर उचलून आणणं. मूल स्वखुशीने आलं तरी, कायदेशीर पालकाच्या संमतीशिवाय अठराच्या आतल्या मुलाला नेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 खाली अपहरणाची तक्रार होऊ शकते. हेतू कितीही चांगला असो, आधी अर्ज करा.

अर्ज कुठे? मूल सामान्यतः जिथे राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयात. गोव्यातल्या पेडण्याचं मूल सुट्टीपुरतं सावंतवाडीला आजीकडे गेलं म्हणून प्रकरण सिंधुदुर्गात जात नाही. सीमेपलीकडच्या ओळखीच्या वकिलाचा तयार मसुदाही जसाच्या तसा वापरू नका. गोमंतकीयांच्या कौटुंबिक बाबींना आजही 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होते, त्यामुळे गोव्यात हे काम रोज करणाऱ्या वकिलालाच विचारा. फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे मुलांना आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आई किंवा वडील हयात असतील आणि न्यायालयाला ते अपात्र वाटत नसतील, तर पालक व पाल्य कायद्याच्या कलम 19 मुळे मामा-काकांना मुलाचं पालक नेमता येत नाही. अशा वेळी नुसतं "आमच्याकडे जास्त सुखात राहील" पुरत नाही. नोटरीकडे केलेला संमतीचा कागदही न्यायालयाच्या आदेशाची जागा घेत नाही.

पैशाच्या जोरावर तर विसंबूच नका. कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या मुलाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ताबा नोकरदार मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांना दिला. मावशीचं कमी वय, नोकरी आणि मोठं कुटुंब एवढ्यावरून निर्णय होऊ शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आणि घरात मारहाण किंवा लैंगिक त्रास होत असेल, तर ताब्याच्या अर्जाची वाट बघत बसू नका. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. हा फोन मूल स्वतःही करू शकतं.