काम चालू आहे, तरी मन आजारी असू शकतं: सौम्य नैराश्य ओळखताना या चुका टाळा

नैराश्य म्हटलं की अंथरूण धरलेला, सतत रडणारा, कोणाशी न बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. सौम्य नैराश्यातला माणूस तसा दिसतच नाही. तो वेळेवर उठतो, एमआयडीसीत पाळीला जातो, सोलापूरच्या नवी पेठेतलं दुकान उघडतो, लग्नकार्यात हजेरी लावतो. म्हणूनच तो महिनोन्महिने घरच्यांच्याही लक्षात येत नाही. वेळीच ओळखला तर हा आजार बहुतेकांना औषधाशिवायही आटोक्यात आणता येतो, म्हणूनच तो असा निसटून जातो याचं फार वाईट वाटतं.

काम बघता, आवड बघत नाही

सगळ्यांत मोठी चूक हीच. विडी कामगार बाईचं उदाहरण घ्या. पानं भिजवायची, कापायची, दिवसभर विड्या वळायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. हातांना सवय असते आणि पोटासाठी ते करावंच लागतं. त्यामुळे हजार विड्या पूर्ण झाल्या, यावरून तिच्या मनाचं काहीच कळत नाही.

कळतं ते आजूबाजूच्या गोष्टींवरून. एरवी शेजारणींबरोबर ओट्यावर बसून वळणारी बाई आता दार लोटून एकटीच वळते. मालिका चालू असते, पण काय झालं विचारलं तर सांगता येत नाही. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सगळ्यांच्या आधी तयार होणारी यंदा म्हणते, "तुम्ही जावा, मी हाय घरी." पूर्वी दुपारी संपणाऱ्या कामाला आता रात्र होते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काय होतंय मला? बरं हाय की."

डॉक्टर प्रामुख्याने दोन गोष्टी बघतात. एक, दिवसातला बराच वेळ मन उदास किंवा रिकामं वाटणं. दुसरी, ज्यात आनंद मिळायचा त्यात तो न मिळणं. यातलं काही जवळजवळ रोज, किमान 2 आठवडे टिकलं, आणि जोडीला थकवा, झोप किंवा भूक बिघडणं, लक्ष न लागणं, "माझ्यामुळेच सगळं बिघडतं" अशी टोचणी असं काही असलं, तर नैराश्याचा विचार करावाच लागतो. सौम्य प्रकारात लक्षणं मोजकी असतात, कामही होतं, पण त्याच कामाला दुप्पट जोर लावावा लागतो. हा जोर बाहेरून दिसत नाही.

पुरुषांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड आधी दिसते. संध्याकाळी पार्क चौकात मित्रांत बसणारा येणं बंद करतो, घरी पोरांवर खेकसतो. मित्र म्हणतात, "काय बे, दिसंना झालास!" आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवा.

"ऊन आहे", "रातपाळी आहे", "वय झालं"

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42 अंशांच्या वर जातो, तेव्हा झोप कोणालाच नीट लागत नाही. रातपाळीला माग चालवणाऱ्याची झोप तर बाराही महिने तुटकी. ही कारणं खरी आहेत, म्हणूनच फसवी आहेत. फरक असा बघा: उन्हाने किंवा पाळीने आलेला थकवा चांगली झोप मिळाली, सुट्टी मिळाली की बराचसा उतरतो, आणि त्या सुट्टीत माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. नैराश्यात सुट्टीचा दिवसही जड जातो. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणि सकाळीच सर्वांत उदास वाटणं, ही दोन लक्षणं दिसली तर उन्हावर ढकलू नका.

मुलं पुण्याला नोकरीला गेली आणि घरात दोघंच उरली, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तिथे आईवडील "हल्ली काही लक्षात राहत नाही" म्हणतात आणि सगळे विसरभोळेपणाचं वय म्हणून सोडून देतात. म्हातारपणी नैराश्य अनेकदा विसरण्याच्या तक्रारीतूनच पुढे येतं.

घरात कोणी गेलं असेल तर दुःख होणारच, तो आजार नव्हे. शोकात दुःखाचे कढ येतात, मध्येच माणूस आठवणी सांगताना हसतोही. नैराश्यात तशी उसंत मिळत नाही आणि स्वतःबद्दलच कमीपणा वाटू लागतो.

दुखणं अंगात शोधत राहणं

"मन उदास आहे" असं आपल्याकडे फार कमी लोक म्हणतात. डोकं जड होतं, पाठ भरून येते, छातीत धडधडतं, अॅसिडिटी जात नाही, असं सांगतात. त्या तक्रारी खोट्या नसतात, दुखणं खरंच होत असतं. पण एकामागून एक दवाखाने आणि एक्स-रे करूनही काही सापडत नसेल, तर मनाकडे वळायला हवं.

उलट चूकही होते. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-12ची कमतरता यांतही थकवा आणि उदासी येते. त्यामुळे या तपासण्या करून घ्याव्यात. मधुमेह असलेल्यांत नैराश्य जास्त आढळतं, तेव्हा साखर हाताबाहेर जात असेल तर पथ्य मोडण्यामागे मन खचलेलं आहे का, हेही बघा. मात्र सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे "तुला काही झालं नाही" असा अर्थ काढू नका. नैराश्य रक्ताच्या रिपोर्टात उमटत नाही.

मोबाइलवरची प्रश्नावली भरून निकाल लावणं

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी डॉक्टरही वापरतात. मागच्या 2 आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. साधारण 5 ते 9 गुण सौम्य आणि 10 ते 14 मध्यम धरतात. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर "हो" असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मदत घ्या.

धीर देताना तोंड बंद करणं

"तुला काय कमी आहे?", "मन खंबीर कर", "सिद्धेश्वराला जाऊन ये, बरं वाटेल." देवळात जायला काहीच हरकत नाही. तलावाकाठी शांत वाटतंही. पण या वाक्यांनी समोरचा गप्प होतो, कारण त्याला ऐकू येतं ते एवढंच की चूक त्याची आहे. त्यापेक्षा विचारा: "हल्ली कशात मन लागतंय का?" आणि मग थांबा. मध्ये बोलू नका.

"जगणं नको वाटतं का?" हे विचारायला लोक घाबरतात, आपणच तो विचार डोक्यात घालू असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. विचारल्याने बहुतेकांना मोकळंच वाटतं. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नका.

परस्पर उपाय

मेडिकलमधून झोपेची गोळी आणणं सर्वांत धोक्याचं. तिची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. दारूचंही तेच, रात्री झोप येते आणि सकाळ आणखी उदास होते. शेजाऱ्याला लागू पडलेली नैराश्याची गोळीही घेऊ नका, विशेषतः पूर्वी कधी काही दिवस झोपेशिवाय भलताच उत्साह, उधळपट्टी असं झालं असेल तर.

सौम्य नैराश्यात बहुधा समुपदेशन, रोजचा व्यायाम आणि ठरलेल्या वेळी केलेली छोटी कामं यांपासून सुरुवात करतात. इथे "मन झालं की करेन" चालत नाही, मन आधी होत नसतंच. सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा, कंबर तलावाकडे एक फेरी, मन असो वा नसो. डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर फरक जाणवायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करायची नाही.

जायचं कुठे

सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. "लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न कसं जमेल" ही भीती मी समजू शकते. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. फोनवरच बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही तिथे बोलता येतं, हे शहराच्या पूर्व भागातल्या आज्जी-अव्वांना नक्की सांगा. मनातलं दुखणं परक्या भाषेत नीट सांगता येत नाही.

जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: कधीपासून असं वाटतंय, झोप किती वाजता तुटते, कोणती आवडती गोष्ट बंद झाली, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. शक्य असेल तर घरातलं एक माणूस बरोबर घ्या.