हॉस्पिटलच्या आयटीत नवीन आहात? या चुका टाळा

आयपीला, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला, पिंग करून हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणजे तो आयपी मोकळा आहे असं समजून तो दुसऱ्या यंत्राला देऊन टाकणं. नव्या मुलांच्या या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड येते. हॉस्पिटलमध्ये कितीतरी यंत्रं गरज पडली तरच चालू होतात.

एका ठिकाणी दुपारी बिलिंगच्या नव्या प्रिंटरला असाच आयपी दिला गेला. तो होता पोर्टेबल एक्स-रेचा, आणि पोर्टेबल तेव्हा बंद होतं. रात्री आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा छातीचा एक्स-रे काढला, तर इमेज पॅक्सवर, म्हणजे सगळ्या इमेजेस साठवून दाखवणाऱ्या सिस्टिमवर, येईना. डॉक्टर एक्स-रे यंत्राच्या कन्सोलच्याच छोट्या स्क्रीनवर नळीची जागा बघत होते आणि ड्यूटीवरचा मुलगा पॅक्सचा सर्व्हर रीस्टार्ट करायला निघाला होता. मी त्याला फोनवरच थांबवलं. सीटीच्या इमेजेस व्यवस्थित येत होत्या, मग सर्व्हरला हात कशाला लावायचा? कन्सोलवर आयपी बघायला सांगितला, तर तो १६९.२५४ ने सुरू होणारा! आपला पत्ता दुसरं कोणी वापरतंय असं दिसलं की विंडोज असा पत्ता घेतं. कोणता आयपी कोणत्या यंत्राकडे आहे हे आर्प टेबलमध्ये दिसतं; त्यात एक्स-रेच्या आयपीसमोरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर, प्रिंटरचा निघाला. प्रिंटरची केबल काढली, कन्सोल रीस्टार्ट केला आणि अडकलेल्या इमेजेस धडाधड गेल्या.

मुळात प्रिंटर आणि एक्स-रे एकाच नेटवर्कात असायलाच नकोत. व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे पाडलेले स्वतंत्र भाग, वेगळे हवेत. आणि वही ठेवा. आयपी, एई टायटल (इमेज पाठवताना यंत्र वापरतं ते नाव), पोर्ट, कंपनीच्या इंजिनिअरचा नंबर असं सगळं मी वहीत लिहितो आणि आयपीचं स्टिकर यंत्रावर चिकटवतो. नोंद नसेल तर स्वतः चालत जाऊन यंत्र बघून येतो. खुर्चीत बसून अंदाज बांधणाऱ्यांना हे पटत नाही.

दुसरी चूक बॅकअपची. हिरवी टिक दिसली की मुलं निश्चिंत होतात, बॅकअपमधून डेटा परत येतो का, म्हणजे रिस्टोअर, कोणीच करून बघत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून बिलापर्यंतची कामं कित्येक दिवस कागदावर चालली. ई-हॉस्पिटल या तिथल्या सिस्टिमचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली ठेवा आणि अधूनमधून टेस्ट मशिनवर रिस्टोअर करा.

सीटी, एमआरआयच्या कन्सोलवर स्वतःच्या मनाने विंडोज अपडेट टाकू नका. आधी कंपनीकडून लेखी होकार घ्या. पण होकाराची वाट बघत वर्षानुवर्षं बसूही नका. मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) हल्ल्यात इंग्लंडमधली सरकारी हॉस्पिटलं अडकली, तेव्हा ती त्रुटी बुजवणारा विंडोजचा पॅच येऊन दोन महिने झाले होते.

कंपनीच्या इंजिनिअरचं काम संपलं की रिमोट ॲक्सेस लगेच बंद करा.

वॉर्डातला पीसी सिस्टरांना विचारल्याशिवाय रीस्टार्ट करू नका. त्या औषधांची नोंद करत असतात.