जुन्या कॉम्प्युटरसाठी विंडो मॅनेजर निवडताय? या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात कुणाचा जुना कॉम्प्युटर रखडला की फोन मला येतो. तोवर पुतण्याने किंवा भाच्याने एखादा व्हिडिओ बघून त्यात लिनक्स आणि कुठला तरी विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या दाखवणारा, हलवणारा, बंद करणारा प्रोग्रॅम, घालून ठेवलेलाच असतो.

सगळ्यात आवडती चूक म्हणजे रॅमचे एमबी मोजत बसणं. ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स, जेडब्ल्यूएम, हे सगळे विंडो मॅनेजर हलकेच आहेत. त्यांच्यात वाचतात थोडे एमबी, आणि फायरफॉक्समध्ये चार टॅब उघडले की शेकड्यांनी जातात. आधी ब्राउझरचं बघा. आणि रॅमचा हिशेब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडमध्ये 'यूज्ड' नाही, 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा. कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) गेलेली रॅम लागेल तेव्हा परत मिळते.

दुसरी चूक माझीच. विंडो मॅनेजर म्हणजे अख्खा डेस्कटॉप नव्हे, पट्टी, वायफाय वगैरे वेगळं जोडावं लागतं, हे मला ठाऊक होतं, तरी केली. रामबागेतल्या एका काकांच्या कोअर टू ड्युओवर, दोन जीबी रॅममध्ये, डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि नुसता ओपनबॉक्स टाकला आणि खुशीत घरी आलो. रात्री फोन: "अरे, सगळं उडालं! नुसता रिकामा पडदा दिसतोय." उडालं काही नव्हतं. मेनू उजव्या क्लिकवर असतो, हे सांगायचं मीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. खालच्या पट्टीसाठी टिंट२, वायफायसाठी एनएम-ॲप्लेट, मराठी टायपिंगसाठी आयबस, तिन्ही ऑटोस्टार्ट फाइलीत, म्हणजे लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, लिहिले. पट्टी आली, वायफाय आलं, मराठी काही येईना. काकांना मंडळाची नोटीस त्याच रात्री हवी होती. मी फॉन्ट काढतोय, घालतोय, आयबस पुन्हा इन्स्टॉल करतोय. काकूंचा दुसरा चहा आला तेव्हा दिसलं: एनएम-ॲप्लेटच्या ओळीच्या शेवटी & नाही! 'हे मागे चालू ठेव आणि पुढे जा' असं सांगणारं हे चिन्ह. ते नसेल तर ॲप्लेट चालू आहे तोवर स्क्रिप्ट तिथेच अडते, आयबसची पाळीच येत नाही. तेव्हापासून मी आधी रिकाम्या ओळींना & लावून ठेवतो, मग त्यांच्यापुढे कमांड लिहितो. हसायचं तर हसा.

आइसडब्ल्यूएमची खोड वेगळी. त्याच्या स्टार्टअप फाइलला एक्झिक्युटेबल (प्रोग्रॅमसारखी चालवायची) परवानगी दिली नाही, तर ती चालतच नाही.

बाकीच्या चुका उभ्या-उभ्या सांगतो. जुनं मशीन म्हणजे 32 बिट प्रोसेसर, असं धरून चालू नका. कोअर टू ड्युओ 64 बिटच आहे. खरंच 32 बिट असेल तर डेबियन 13 चा इन्स्टॉलर मिळणार नाही, 12 घ्या. सावल्या आणि पारदर्शक खिडक्यांसाठी पिकॉम लावायचं असेल तर मग हलका विंडो मॅनेजर घेतलात कशाला? आणि आय३ (बटणांऐवजी कीबोर्डवर चालणारा विंडो मॅनेजर) स्वतः वापरा, हौसेने वापरा, पण सत्तरीच्या माणसाच्या गळ्यात मारू नका. खिडकी बंद करायचं बटण सापडलं नाही की ते सरळ प्लग काढतात.

"एका कमांडमध्ये सगळं सेट" अशा स्क्रिप्टा चालवून मग माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ती स्क्रिप्ट वाचून दाखवायला सांगतो. निम्मे तिथूनच परत जातात.

पहिल्यांदा लिनक्स बघणाऱ्याला मी हल्ली सरळ एक्सएफसीई हा अख्खा डेस्कटॉपच देतो. पट्टी, वायफाय, पेनड्राइव्ह, सगळं आयतं जोडलेलं असतं. रॅम थोडी जास्त जाते, जाऊ द्या. काकांकडे मात्र ओपनबॉक्सच आहे. उजवा क्लिक त्यांनी आता काकूंनाही शिकवलाय.