कानात शिट्टी वाजते, कमी ऐकू येतं? मग या चुका टाळा

इचलकरंजीत वीस वर्षं यंत्रमागावर काढली, कानात कधी साधा बोळाही घातला नाही. आता १४ वर्षं झाली, कानात दिवसरात्र रातकिडे ओरडतायत. आमच्या भागात असे खूप जण आहेत आणि सगळे त्याच त्याच चुका करतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "होईल आपोआप बरं" म्हणून थांबणं. एका सकाळी फोन उजव्या कानाला लावला तर समोरचा बोलतोय की नाही तेच कळेना, डाव्या कानाला लावला तर व्यवस्थित ऐकू आलं. आदल्या आठवड्यात सर्दी झालेली, म्हटलं मळ साचला असेल. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कोमट तेल सोडलं, तेही करून झालं. ईएनटीकडे गेलो तो १९ व्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, अहो पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर स्टेरॉइडचा उपयोग व्हायची शक्यता बरीच जास्त होती. तो कान गेला तो गेलाच. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि कृपा करून तेल घालू नका. शिट्टी एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यावर धडधडत असेल तरी तपासून घ्या.

दुसरी चूक, चार दिवसांत कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये टाकणं. याचा मला खरंच राग येतो. पहिल्या दिवशी मशीन लावलं की ताटं आपटल्यासारखी वाजतात, पेपरचं पान उलटलं तरी कर्रकर्र होतं, स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा येतो. येणारच, बारीक आवाज मेंदूने कित्येक वर्षांत ऐकलेलेच नसतात, त्याला सवय व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. मी पहिला आठवडा घरातच, दोन-दोन तास लावलं, मग गल्लीत, बाजारात सगळ्यात शेवटी. काय टोचतं ते वहीत लिहून ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणारे तज्ज्ञ) तीनदा सेटिंग बदलून घेतलं. बाहेरचे आवाज आत यायला लागले की शिट्टीही बरीच मागे पडते, हे ड्रॉवरवाल्यांना कळतच नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, न करता ऑनलाइन स्वस्तातलं मशीन मागवू नका, ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची संस्था आहे, तिथे तपासणी होते.

रात्री अगदी शांत खोलीत झोपू नका, शांततेत शिट्टी जास्त जाणवते. मी पंखा चालू ठेवतो, थंडीत रेडिओ अगदी बारीक. टीबीची इंजेक्शनं किंवा केमो सुरू होणार असेल तर कानाचा त्रास आहे हे आधी सांगा, त्यातली काही औषधं कानाला बाधतात.

बॅटरीचा स्टिकर काढला की तीन-चार मिनिटं थांबून मग मशीनमध्ये घाला, तिला हवा लागते. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. पावसाळ्यात मशीन रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत.

आणि घरच्यांनो, पाठीमागून हाका मारू नका. आमच्याकडे स्वयंपाकघरातून आता कोणी ओरडत नाही, समोर येऊन बोलतात. नात तर आधी माझ्या हाताला हात लावते, मी वळून बघितलं की मगच "आजोबा" म्हणते.