कॅनडाचा पीआर आणि लग्नाची तारीख: या चुका टाळा

घरात स्थळं बघणं सुरू आहे आणि दुसरीकडे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी (पीआर) एक्सप्रेस एन्ट्रीची, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीची, प्रोफाइलही भरली आहे, अशा मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो: आधी पीआर की आधी लग्न? दोन्ही क्रम चालतात. नडतं ते एकच. लँडिंगच्या, म्हणजे पीआरधारक म्हणून कॅनडात दाखल होण्याच्या, दिवशी तुमचं लग्न झालेलं असतं आणि आयआरसीसीला (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला) ते माहीतच नसतं.

लँडिंगआधी लग्न करून गप्प राहणं

समजा, जानेवारीत ‘अविवाहित’ म्हणून अर्ज गेला, मे महिन्यात लग्न झालं, ऑगस्टमध्ये सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचं पत्र) हातात आलं. सीओपीआरवर अविवाहितच लिहिलंय, आता कशाला फाटे फोडायचे, आधी लँड होऊ आणि मग बायकोला स्पॉन्सर करून बोलावू, असा विचार केला की आयुष्यभराचा घोळ होतो. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या कलम ११७(९)(डी) नुसार, पीआर घेताना ज्या जोडीदाराची माहिती दिली नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, तो जोडीदार पुढे फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे कुटुंबीयांना बोलावण्याच्या प्रवर्गात, येऊच शकत नाही. पाच वर्षांनी नाही, नागरिकत्व मिळाल्यावरही नाही. उरतो तो मानवतावादी कारणांवर सूट मागण्याचा रस्ता, आणि तिथे सगळं अधिकाऱ्याच्या विवेकावर असतं. शिवाय माहिती लपवल्याचा ठपका बसला तर तुमचा स्वतःचा पीआर जाऊन पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

सप्टेंबर २०१९ पासून या कलमात सवलत आहे असं कुणी सांगितलं, तर ती कुणासाठी आहे ते नीट वाचा. ती निर्वासित आणि स्पॉन्सरशिपने आलेल्या ठरावीक गटांसाठी आहे. एक्सप्रेस एन्ट्रीने आलेल्यांना तिचा उपयोग नाही.

उपाय सोपा आहे. लग्न झालं की आयआरसीसीच्या वेबफॉर्मवरून कळवा, सोबत विवाह प्रमाणपत्र जोडा, जोडीदाराचे फॉर्म आणि फी भरा. त्यांनी सांगितलं की मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स करा. सीओपीआर आलं असेल तर ते वापरू नका, आधी कळवा. काही महिने जातील, ते जाऊ द्यात. जोडीदाराला लगेच यायचं नसेल तर ‘सोबत येणार नाही’ असं नोंदवता येतं, पण नाव आणि तपासणी तरीही लागतेच. ती झाली असेल तरच पुढची स्पॉन्सरशिप शाबूत राहते.

रजिस्टर लग्न मार्चमध्ये, मांडव डिसेंबरात

आपल्याकडे हा गोंधळ फार होतो. व्हिसासाठी कागद लागतील म्हणून कोर्टात रजिस्टर लग्न उरकतात, मुहूर्ताचं लग्न थंडीत ठेवतात आणि मधल्या काळात फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहितात, कारण घरच्यांच्या दृष्टीने लग्न अजून व्हायचंय. विशेष विवाह कायद्याखाली सह्या झाल्या त्याच दिवशी तुम्ही विवाहित झालात.

उलटा गैरसमजही तितकाच घातक आहे. सप्तपदी झाली, पण महापालिकेत नोंदणी केली नाही, म्हणून कायद्याने अजून अविवाहितच, असं अनेकांना वाटतं. हिंदू विवाह कायद्यात विधी पूर्ण झाले की लग्न झालं. नोंदणी हा त्याचा पुरावा. महाराष्ट्रात नमुना ‘ड’ भरून ९० दिवसांत नोंदणी करायची असते आणि मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. आयआरसीसीच्या फॉर्मवर लग्नाची तारीख लिहा. दोन समारंभ झाले असतील तर दोन्ही तारखा सांगा आणि कायदेशीर कोणती ते एका परिच्छेदात स्पष्ट करा. साखरपुडा मात्र कुठेच मोजला जात नाही. अमेरिकेसारखा वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा कॅनडात नाही.

मुलगा टोरांटोत आणि मुलगी साताऱ्यात असताना व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्नही चालत नाही. जून २०१५ पासून लग्नाच्या वेळी दोघंही प्रत्यक्ष हजर असावी लागतात.

गुणांचं गणित न करता तारीख धरणं

२९ वर्षांचा, मास्टर्स झालेला, इंग्रजीत सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळी) ९ असलेला उमेदवार घ्या. एकट्याने अर्ज केला तर वय ११०, शिक्षण १३५, भाषा १२४, एकूण ३६९. जोडीदार सोबत दाखवला की हेच गुण १००, १२६ आणि ११६ होतात, एकूण ३४२. म्हणजे २७ गुण गेले. पण जोडीदाराच्या पदवीचे ८ आणि सीएलबी ९ चे २० मिळाले तर बेरीज ३७० होते. जोडीदाराची भाषा सीएलबी ७ वर राहिली तर २० ऐवजी १२ च. त्यामुळे लग्न ठरलं की हॉलच्या बुकिंगबरोबर जोडीदाराची आयईएलटीएसची तारीख आणि पदवीचं ईसीएही (कॅनडासाठीचं मूल्यमापन) लावून टाका. भाषेचा निकाल दोन वर्षं आणि ईसीए पाच वर्षं चालतं, त्यामुळे लवकर केल्याने काही वाया जात नाही.

सगळ्यात नाजूक काळ म्हणजे आयटीए (पीआरचा अर्ज करण्याचं निमंत्रण) आल्यापासून अर्ज जमा करेपर्यंतचे ६० दिवस. या काळात लग्न झालं तर गुण नव्याने मोजले जातात. ते त्या ड्रॉच्या (निवड फेरीच्या) कटऑफखाली गेले तर आयटीए नाकारून पुन्हा पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, जावं. तसाच अर्ज रेटला तर तो फेटाळला जातो आणि फी व वेळ दोन्ही वाया जातात. अर्ज जमा झाल्यावर लग्न झालं तर गुणांना धक्का लागत नाही, फक्त जोडीदाराची भर घालावी लागते. म्हणून मुहूर्त निवडायची मोकळीक असेल तर हे ६० दिवस टाळा.

आणखी एक: फेडरल स्किल्ड वर्करमध्ये (एक्सप्रेस एन्ट्रीतला एक प्रवर्ग) बँकेत दाखवायची रक्कम कुटुंबाच्या संख्येवर ठरते आणि सोबत न येणारा जोडीदारही त्यात धरला जातो.

पीआरनंतर लग्न केलंत तर

हा मार्ग स्वच्छ आहे, पण इथे लग्न खरं असल्याचं दाखवावं लागतं. ठरवून केलेलं लग्न, दोन महिन्यांची ओळख, यात गैर काही नाही. अर्ज अडकतो तो जबाब न जुळल्याने. आयएमएम ५५३२ फॉर्ममध्ये पहिली भेट कुठे, ओळख कुणी करून दिली, समारंभाला कोण होतं हे विचारतात. मुलगा ‘मॅट्रिमोनी साइटवरून’ लिहितो, मुलगी ‘मावशीने स्थळ आणलं’ लिहिते. दोन्ही खरं असतं, पण कागदावर विसंगती दिसते. दोघांनी बसून तारखांचा एकच क्रम लिहून काढा. शेकडो सजवलेल्या फोटोंपेक्षा दोन्हीकडचे आईवडील, साखरपुडा, हळद आणि लग्नानंतरच्या भेटी दाखवणारे वीसेक फोटो, प्रत्येकाखाली तारीख आणि नावं, हे जास्त उपयोगी पडतं. लग्नपत्रिका जोडा. मराठी कागदाचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद लागतो, आणि तो नातेवाइकाने केलेला चालत नाही.

आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हवा. स्टँप पेपरवरची फारकत पाठवू नका, त्यावर अर्ज अडतो.

जोडीदार कॅनडात असला तरी बाहेरच्या प्रवर्गातून अर्ज करता येतो. नकार आला तर त्यात अपिलाचा हक्क राहतो, देशांतर्गत प्रवर्गात तो नसतो. अर्ज चालू असताना भारतात ये-जा करावी लागणार असेल तरी बाहेरचा प्रवर्गच सोयीचा पडतो.

आणि लग्नासाठी भारतात आलेले पीआरधारक सहा महिने इथेच राहून स्पॉन्सरशिप भरतात, तेही टाळा. नागरिक परदेशातून स्पॉन्सर करू शकतो, पीआरधारकाला मात्र कॅनडात राहत असावं लागतं. छोट्या भेटीने बिघडत नाही, पण पुण्यात मुक्काम आणि ब्रॅम्प्टनचा फक्त पत्ता, असं असेल तर स्पॉन्सर म्हणूनच तुम्ही अपात्र ठरता.